विश्वासू प्रवाशाची बायको

पुण्याच्या माणसाला वाटेत लागणारा पहिला परदेश म्हणजे मुंबई. पहाटे दोनचं विमान असलं की आमच्या दारात आदल्या दुपारी दोनलाच गाडी उभी असते. यांचा हिशेब पक्का असतो. रस्त्याला तीन तास, घाटात अडकायला दोन, फूड मॉलवर वडापाव खायला आणि तो केवढा महाग झालाय हे एकमेकांना सांगायला अर्धा, मुंबईत शिरल्यावर काय होईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं म्हणून दोन, विमान कंपनीने सांगितलेले तीन, आणि उरलेला वेळ ‘असावा हाताशी’ म्हणून. तर अशा या माणसाला सरकारने एके दिवशी कळवलं, की आता तुमचं इमिग्रेशन तीस सेकंदांत होईल.

“तीस सेकंद!” पेपर खाली ठेवून हे म्हणाले. “म्हणजे निदान वीस मिनिटं वाचली.”

बारा तास आधी घराला कुलूप लावणाऱ्याने वीस मिनिटं वाचवून त्यांचं करायचं काय, असं मी विचारलं नाही. निवृत्त झालेल्या नवऱ्याला उद्योग मिळत असेल तर बायकोने शंका काढू नयेत.

योजनेचं नाव ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम’. नाव वाचून होईपर्यंत तीस सेकंद संपतात, ते सोडा. २२ जून २०२४ रोजी दिल्ली विमानतळाच्या टर्मिनल ३ वर गृहमंत्री अमित शहांनी तिचं उद्घाटन केलं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद अशी सात विमानतळं त्यात आली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात लखनौ, तिरुवनंतपुरम, तिरुचिरापल्ली, कोळिकोड, अमृतसर. दोन्ही याद्या यांनी बोट ठेवून वाचल्या. पुणे नव्हतं. दिल्ली-मुंबई असणारच, त्याबद्दल यांची तक्रार नव्हती. पण तिरुचिरापल्ली आहे आणि पुणे नाही, हे यांच्या जिवाला लागलं. वाचकांच्या पत्रव्यवहारासाठी एक पत्र त्याच संध्याकाळी तयार झालं. त्यात शिवकाळापासूनचे दाखले असल्यामुळे ते अजून छापून आलेलं नाही.

यांची सगळी हयात बँकेत गेली. समोरच्या माणसाची सही नमुन्यातल्या सहीशी ताडून पाहायची, मग समोरच्या माणसाकडे पाहायचं, मग पुन्हा सहीकडे पाहायचं आणि मग ‘उद्या या’ म्हणायचं, यात आयुष्य गेलेला माणूस. त्याच्यासाठी ही योजना म्हणजे देवानेच धाडलेली. ऑनलाइन अर्ज, पासपोर्टची प्रत, फोटो, पत्त्याचा पुरावा. भारताचा नागरिक हवा किंवा ओसीआय कार्डवाला, आणि पासपोर्टची मुदत निदान सहा महिने उरलेली हवी. शुल्क काही नाही हे कळल्यावर मात्र यांनी चष्मा काढून पुसला. बँकेच्या अनुभवावरून यांचं मत आहे, की जे फुकट असतं त्याचं व्याज नंतर लावतात. पण शेवटी अर्ज गेला. फोटोची फाइल आधी फार मोठी झाली, मग फार लहान झाली, मग वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअर मुलाला चहा पाजून ती नेमकी झाली.

यथावकाश मान्यता आल्याचा संदेश आला. ज्या माणसाने जन्मभर कुणाच्या सहीवर विश्वास ठेवला नाही, त्याच्यावर भारत सरकारने विश्वास ठेवला होता. यांनी तो संदेश छापून घेतला, त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या आणि एक निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या मानपत्रामागे ठेवली. त्यानंतर आठवडाभर मी भाजीचा हिशेब विचारला, की हे नुसते माझ्याकडे पाहायचे. विश्वासू प्रवाशाला हिशेब विचारतात होय?

आता बोटांचे ठसे आणि चेहरा द्यायचा राहिला होता. तो ठरलेल्या विमानतळांवर देता येतो, किंवा एफआरआरओत. हे एफआरआरओ म्हणजे विदेशी लोकांची नोंद ठेवणारं कार्यालय. आपण अस्सल भारतीय असून विश्वासाला पात्र आहोत, हे सिद्ध करायला विदेशी नोंदणी कार्यालयाची पायरी चढायची, यात काही वावगं आहे असं यांना वाटलं नाही. मला वाटलं, पण माझं लक्ष बोटांकडे होतं. आधार कार्डाच्या वेळी माझे ठसे उमटता उमटत नव्हते. जन्मभर भांडी घासली, पुरण वाटलं, चिंचा कोळल्या. बोटांवरच्या रेषा त्यात गेल्या त्या गेल्या. यांचे ठसे मात्र पहिल्या झटक्यात, कोऱ्या नोटेसारखे स्वच्छ आले. चाळीस वर्षांच्या संसारात कुणी काय केलं, याचा एवढा निःपक्षपाती पुरावा मला दुसऱ्या कुठल्या सरकारी यंत्राने दिलेला नाही.

एक काळ असा होता, की विमानतळावर लवकर सुटायला ठसे लागत नसत, ओळख लागत असे. त्याला सहार म्हणायचे तेव्हाची गोष्ट. प्रत्येक कुटुंबात कुणाचा तरी साडू कस्टममध्ये असायचा. तो प्रत्यक्षात कधी भेटायचा नाही, पण त्याचं नाव माहीत असणं हाच मोठा आधार होता. शिवाय पेन. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला एक कार्ड भरावं लागायचं, आणि विमानभर माणसांत मिळून चार पेनं असायची. “पेन आहे का हो?” या एका प्रश्नावर तिथे ओळखी व्हायच्या, सोयरिकी निघायच्या, आणि पेन घेऊन गेलेला माणूस पुन्हा दिसायचा नाही. हे कायम तीन पेनं न्यायचे. एक लिहायला, एक द्यायला आणि एक, दिलेलं परत आलं नाही तर. १ जुलै २०१७ पासून ते कार्ड बंद झालं. यांच्या खिशाला अजून तीन पेनं आहेत. आता ती कुणी मागत नाही. परवा एका तरुण मुलाला यांनी आपणहून विचारलं, “पेन हवंय का?” तो घाबरून दुसऱ्या रांगेत गेला.

तसं आपल्याला दोन रांगांचं नवल नाही. पंढरपुरात पदस्पर्शाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. पदस्पर्शवाले आषाढीला रात्र-रात्र उभे राहतात, मुखदर्शनवाले लांबून हात जोडून लवकर बाहेर पडतात. पण मुखदर्शन घेऊन आलेला माणूस थोडा खाली मान घालून चालतो. पुढच्या वेळी पाय धरीन रे बाबा, असं काहीतरी पुटपुटतो. विमानतळावरच्या झटपट रांगेत ती मान खाली जात नाही. उलट मी पाहिलंय, दार उघडायच्या आधी प्रत्येक जण एकदा वळून मोठ्या रांगेकडे पाहतो. तेवढ्यात त्याची दोन-तीन सेकंदं जातात, पण ती जावीतच, असं त्याचा चेहरा सांगतो. मोठ्या रांगेतली माणसंही त्याच्याकडे पाहत असतात. योजनेची त्यांना कल्पना नसते. त्यांना वाटतं, याचा साडू आत असणार.

यांच्या या विद्येचा खरा कस लागला तो भाच्याच्या वेळी. भाचा हिंजवडीतल्या कंपनीतून सारखा अमेरिकेला जायचा. तिथे असाच कार्यक्रम आहे, ग्लोबल एंट्री नावाचा, २००८ पासूनचा. भारतीय नागरिकांना तो २०१७ च्या जुलैत खुला झाला, आणि त्यात पहिलं भारतीय नाव नोंदवलं गेलं ते आपले तेव्हाचे तिथले राजदूत नवतेज सरना यांचं. राजदूत जिथे स्वतः फॉर्म भरतो तिथे आपण कोण, असं म्हणून यांनी भाच्याचा अर्ज स्वतःच्या अंगावर घेतला. आधी १०० डॉलर पडायचे, ऑक्टोबर २०२४ पासून १२०. पाच वर्षं चालतं. नापास झालात तर पैसे परत नाहीत.

त्या अर्जात मागच्या पाच वर्षांत कुठे कुठे राहिलात, काय काम केलंत आणि कुठल्या कुठल्या देशांत गेलात, हे सगळं लिहायचं असतं. राहिलात आणि काम केलंत इथपर्यंत ठीक चाललं. देशांवर गाडी अडली. भाचा हनिमूनला टूरबरोबर युरोपात जाऊन आला होता, आणि आपल्याकडच्या टूरमध्ये देश मोजून देतात. स्वित्झर्लंडहून ऑस्ट्रियाला जाताना बस लिश्टनस्टाइन नावाच्या देशात जेवायला थांबली होती. आता तो देश धरायचा की नाही? भाचा म्हणाला, “मामा, तिथे आम्ही फक्त भात खाल्ला.” हे म्हणाले, “भात कुठल्या देशात खाल्ला?” मग रोम. रोममधलं व्हॅटिकन हा वेगळा देश. तिथे गेला होतात का? आठवत नाही. सूनबाईंनी फोनमधले फोटो काढले. त्यात दोघं एका प्रचंड रांगेत उभी होती. “ही रांग आठवते,” भाचा म्हणाला, “तिच्या टोकाला काय होतं ते नाही आठवत.” यांनी व्हॅटिकन लिहिलं.

भारतीय अर्जदाराची चौकशी इथे व्हावी लागते, त्यासाठी पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज आणि मग पोलीस पडताळणी. एके सकाळी वन्संच्या घरी हवालदार आले. खुर्चीवर बसले, टोपी मांडीवर ठेवली, कागद उलटसुलट पाहिला.

“पासपोर्ट काढताय?”

“नाही, पासपोर्ट आहे.”

“मग व्हिसा अडकलाय?”

“व्हिसापण आहे. दहा वर्षांचा.”

“मग हे कशाला?”

भाच्याने समजावून सांगितलं, की तिथे उतरल्यावर रांगेत उभं राहायला लागू नये म्हणून. हवालदारांनी चहाचा कप खाली ठेवला. आपल्या नोकरीत त्यांनी खून, दरोडे, वाळूचे डंपर सगळं पाहिलं असेल; पण रांगेत उभं राहायचं नाही म्हणून पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला मागणारा माणूस पहिल्यांदाच पाहत होते. शेजारच्या दोघांना विचारलं, मुलगा कसा आहे? शेजारी म्हणाले, चांगला आहे, पण याने केलं काय? त्या सोसायटीत अजूनही काहींचं मत आहे, की काहीतरी नक्की केलं असणार. उगाच का पोलीस येतात?

तिकडून अटींसह मान्यता आली, म्हणजे मुलाखत बाकी. ती अमेरिकेच्याच अधिकाऱ्याने घ्यायची असते. पुढच्या वेळी विमानातून उतरलात, की तिथेच देता येते. म्हणजे रांग चुकवण्याची परवानगी मिळवायला भाचा शेवटचा एकदा त्या रांगेत शिरला, वर मुलाखतीला थांबला, आणि त्याच्या विमानातली माणसं घरी जाऊन वरणभात खाऊन झोपली तेव्हा हा बाहेर आला. पण पत्कर घेतलेला माणूस मागे हटत नाही. त्यानंतर मात्र त्याचं सुरळीत झालं. यंत्रापुढे उभं राहायचं, ते फोटो काढतं, अधिकारी मान हलवतो, झालं. त्याने मामांना फोन करून सांगितलं, दोन मिनिटं. मामांनी विचारलं, “आणि बॅग?” बॅग पाऊण तासाने आली होती.

ही बॅगेची गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नसते. माणसाला तीस सेकंदांत सोडण्याची युक्ती जगाने शोधली, पण त्याच्या बॅगेला विश्वासू प्रवासी करणं अजून कुणाला जमलेलं नाही. पट्ट्यापाशी झटपट रांगेतला आणि मोठ्या रांगेतला शेजारी शेजारी येऊन उभे राहतात आणि दोघंही त्या रबरी झालरीकडे टक लावून बसतात.

पुढे भाचा न्यू जर्सीला स्थायिक झाला आणि सूनबाईंना दिवस गेले. वन्सं बाळंतपणाला निघाल्या, त्यांना न्यायला भाचा स्वतः आला. आणि इथे त्या सदस्यत्वाची दुसरी बाजू कळली. ग्लोबल एंट्रीवाल्याने कस्टमचा एकही नियम मोडलेला चालत नाही. मोडला तर सदस्यत्व जातं. २०१८ मध्ये तिथे एका प्रवाशाला विमानात खायला दिलेलं सफरचंद पिशवीत ठेवल्याबद्दल ५०० डॉलर दंड झाला आणि ग्लोबल एंट्रीवर गदा आली. फुकटात मिळालेलं सफरचंद! भाच्याने ही गोष्ट आईला तीनदा सांगितली. वन्संनी तिन्ही वेळा विचारलं, “त्याने खाल्लं का नाही पण?”

वन्संची बॅग भरायला मीच गेले होते. डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशोपा, गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, कुरडया. हे बहुतेक सगळं चालतं, फक्त आहे म्हणून सांगावं लागतं. चालत नाही तो ताजा कढीपत्ता. तो लिंबाच्या कुळातला, आणि त्याच्यावरून तिकडच्या संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग जायची भीती. कढीपत्त्यासारख्या गरीब पानाचे एवढे मोठे शत्रू असतील, असं वन्संना पटेना. ताजा आंबाही नाही. हापूस २००७ पासून अमेरिकेत रीतसर जातो, पण तो लासलगावला, म्हणजे कांद्याच्या गावी, किरणांचा मारा खाऊन, पेटीत बसून. “आपल्या आंब्याने कांद्याच्या गावी जाऊन शुद्ध व्हायचं?” वन्संनी विचारलं. रत्नागिरीच्या माहेरवाशिणीचा प्रश्न होता. आम्ही कुणी उत्तर द्यायला धजावलो नाही.

आणि विमानतळावर वास घेणारे कुत्रे असतात. बीगल जातीचे, लांब कानांचे, दिसायला अत्यंत सालस. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेली ही प्रथा. त्यांनी आपल्या लोकांच्या बॅगांतून काय काय काढलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत, पण नाकाला विसावा मिळाला नसणार. २०२१ च्या एप्रिलात वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर भारतातून आलेल्या, मागे राहिलेल्या एका बॅगेत शेणाच्या दोन गोवऱ्या सापडल्या. लाळ्या-खुरकुताची भीती म्हणून त्या नष्ट केल्या. त्या सरकारी पत्रकात गोवरीचे उपयोग काय काय असतात, तेही गंभीरपणे सांगितलं होतं. मला त्या गोवऱ्यांपेक्षा त्या नेणाऱ्याचं कौतुक वाटलं. दोनच का नेल्या असतील? तेवीस किलोंत तेवढ्याच बसल्या असणार.

तर नेवार्कला हे दोघं उतरले. भाचा आपल्या यंत्रापुढून दोन मिनिटांत पार झाला. पण ते सदस्यत्व त्याचं एकट्याचं. बरोबरच्या माणसाला आत घेता येत नाही; अगदी तान्ह्या पोराचंही स्वतःचं वेगळं लागतं. वन्सं मोठ्या रांगेत. वन्संच्याच तोंडून ऐकलेलं सांगते. त्यांच्या पुढे एडिसनच्या एक गुजराती बाई होत्या, मागे नागपूरचा एक विद्यार्थी. वळणावळणाने रांग सरकेपर्यंत वन्संना त्या बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कळलं, घरपोच पोळ्या करून देणाऱ्या बाईंचा नंबर मिळाला, आणि नागपूरच्या मुलाला त्यांनी एक लाडू देऊ केला. तो म्हणाला, काकू, इथे नको, बाहेर गेल्यावर. शहाणा मुलगा. खिडकीवरच्या अधिकाऱ्याने विचारलं, कशासाठी आलात? वन्संनी पाठ केलेलं उत्तर दिलं, “डिलिव्हरी.” त्याने विचारलं, काय पोचवायला आणलंय? वन्सं म्हणाल्या, “बेबी.” यानंतरची काही मिनिटं वन्सं नीट सांगत नाहीत. नागपूरच्या मुलाला दुभाषा म्हणून पुढे बोलावलं, एवढंच कळतं.

तिकडे भाचा पट्ट्यापाशी एकटाच उभा. सव्वा तास. ना कुणाशी बोलणं, ना लाडू. आणि आई आली तेव्हा तिच्या बॅगेपासून दहा पावलं लांब जाऊन उभा राहिला. नऊ महिने पोटात वाढवलेला मुलगा आळीवाला घाबरून अनोळखी माणसासारखा खांबामागे उभा, हे वन्संच्या मनातून अजून गेलेलं नाही. बारशाला त्यांनी ते सगळ्यांसमोर काढलं. बीगल आला, त्याने डिंकाच्या लाडवांचा दीर्घ वास घेतला, वन्संकडे पाहिलं आणि पुढे गेला. वन्सं म्हणतात, त्याला समजलं, बाळंतपणाचं आहे.

मला तेव्हापासून वाटतं, या योजना करणारी माणसं एकेकटी प्रवास करत असावीत. हातात एक छोटी बॅग, कानात काहीतरी खुपसलेलं, चालणं ताडताड. आपल्याकडे प्रवासाला माणूस निघत नाही, घर निघतं. त्यात एकाचे गुडघे दुखत असतात, एकीचा चष्मा वरच्या पिशवीत असतो, एक जण दर दहा मिनिटांनी ‘आलोच’ म्हणून जातो. अशांपैकी एकाला तीस सेकंदांत पलीकडे पोचवलं तर तो पलीकडे जाऊन करतो काय? उरलेल्यांची वाट पाहतो.

आमची लेक सिंगापूरला असते. तिथे तर विश्वासू वगैरे कुणी विचारतच नाही. येण्याआधीच्या तीन दिवसांत एक कार्ड ऑनलाइन भरायचं आणि चांगीला उतरून सरळ यंत्राच्या दारातून जायचं. कुठल्याही देशाचे असा. परत निघताना तर पासपोर्टही दाखवायला लागत नाही, चेहरा पुरतो. हे तरीही पासपोर्ट उघडून कॅमेऱ्यापुढे धरून उभे होते, कारण कागद न पाहता सोडतात हे यांच्या तत्त्वात बसत नाही. पण खरा घाव आधीच बसला होता. येतानाच, दारातून पलीकडे गेल्यावर यांनी पासपोर्ट चाळला, पुन्हा चाळला, उलटा धरून चाळला.

“शिक्का कुठाय?”

शिक्का नाही. सिंगापूरने शिक्के बंद केले. प्रवेशाचा पास ईमेलने येतो. हे तिथेच थांबले. उभ्या हयातीत ज्यांनी गोल शिक्क्याशिवाय पाच रुपये पुढे सरकू दिले नाहीत, त्यांना एका देशाने शिक्क्याशिवाय आत घेतलं होतं. “म्हणजे आपण आलोय याला पुरावा काय?” मी म्हटलं, “आपण आलोय, हाच पुरावा.” यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की अशा वृत्तीमुळेच बँका बुडतात. एका गणवेशातल्या मुलीकडे जाऊन यांनी विनंती केली, की हौस म्हणून एक मारा. तिने हसून ईमेल पाहायला सांगितलं. लेकीच्या घरी पोचल्यावर पहिली गोष्ट म्हणजे तो ईमेल छापून घेतला. आता युरोपातही शिक्के जाऊन नुसत्या नोंदी होणार, ऑक्टोबर २०२५ पासून तिकडेही ते सुरू झालंय, हे वाचल्यापासून हे जुने पासपोर्ट कपाटातून काढून मधूनमधून पाहत बसतात.

यथावकाश माझाही अर्ज मंजूर झाला. ठसे तीन वेळा घेतले, पण झाले. आता आम्ही घरात दोन विश्वासू प्रवासी. पुढच्या वेळी निघालो तेव्हा हे गाडीत बसल्यापासून सूचना देत होते. आधी पासपोर्ट, मग बोर्डिंग पास, पहिलं दार उघडेल, आत जायचं, कॅमेऱ्याकडे पाहायचं, चेहरा जुळला की दुसरं दार. लोणावळ्यापर्यंत मला ते पाठ झालं होतं, खालापूरपर्यंत ड्रायव्हरलाही.

हे पुढे गेले. पासपोर्ट, बोर्डिंग पास, दार, कॅमेरा, दार. वळून मोठ्या रांगेकडे पाहायलासुद्धा विसरले नाहीत. मग मी. पहिलं दार उघडलं, आत गेले. कॅमेऱ्याकडे पाहिलं. काही होईना. बाहेरचा माणूस म्हणाला, चष्मा काढा. काढला. आता मला कॅमेराच दिसेना. घातला, तर कॅमेऱ्याला मी दिसेना. मी अंदाजाने एका दिशेला पाहून उभी राहिले. ती अग्निशामक नळकांड्याची दिशा होती, असं नंतर कळलं. मागे लोक खोळंबले. शेवटी त्या माणसाने मला अदबीने बाहेर काढलं आणि नेहमीच्या खिडकीवर नेलं.

खिडकीतला अधिकारी मराठी निघाला. तरुण होता, डोळे झोपेने जड. पासपोर्ट पाहत त्याने विचारलं, “काकू, एकट्याच चाललात?”

“नाही,” मी म्हटलं, “आम्ही दोघंच होतो. हे पुढे गेले.”

त्याचा हात थांबला. त्याने वर पाहिलं. आवाज खाली आला.

“केव्हा?”

“आत्ताच की. मी होते ना मागे. तीस सेकंदांतसुद्धा नाही, बघता बघता.”

“अरेरे. हार्टचं होतं का काही?”

तेवढ्यात पलीकडून, कायद्याने भारताबाहेर गेलेल्या भागातून, सगळ्या रांगांना ऐकू जाईल असा आवाज आला, “अगं, गॅसचा कॉक बंद केलास का?”

अधिकाऱ्याने त्या दिशेला पाहिलं, मग माझ्याकडे.

“हेच,” मी म्हटलं.

त्याने शिक्का मारला.